जोडीची पद्धत

११ जानेवारी

आज मला बढती मिळाली, असं साहेबांचं म्हणणं. मला अडगळीच्या खोलीत टाकलं, असं माझं. दोन्ही खरं आहे. खोलीत जुन्या चादरींचे नमुने आहेत, एक टेबल आहे, आणि खिडकीतून समोरची भिंत दिसते.

आमची कंपनी रुग्णालयांना चादरी, उशांचे अभ्रे, नर्सचे कपडे पुरवते. आम्ही स्वतः एक टाका घालत नाही. बाहेरच्या कारखान्यांकडून शिवून घेतो आणि आमचं लेबल लावतो. आलेला माल उलटा करून शिवण बघायची, यात माझी हयात गेली. आता रुग्णालयांनी नवीन अट घातली आहे. चादर चांगली आहे एवढ्यावर भागायचं नाही. ती शिवणारी बाई तिथे आपल्या मर्जीनं बसली आहे का, तिला कोणी कोंडून, कागदपत्रं काढून घेऊन, धाक दाखवून राबवत नाही ना, हे कंपनीनं दर वर्षी सहीनिशी लिहून द्यायचं. ती सही माझी.

"तुमची नजर बारीक आहे," साहेब म्हणाले. "आणि तुम्हाला फिरतीची अडचण नाही. घरी वाट बघणारं कोणी नाही."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं.

ही वही नव्या कामाची टिपणं ठेवायला घेतली आहे. बोलायला कोणी नाही म्हणून लोक डायरी लिहितात, तसं माझं काही नाही.

१५ जानेवारी

टिपणात घरचं लिहायचं नव्हतं, पण आज दुसरं काही घडलंच नाही.

ताईचं लग्न होऊन दोन महिने झाले. उतारवयात, एका विधुर ग्रंथपालाशी. आई गेल्यापासून आम्ही दोघी बहिणी या घरात होतो. बाजार दोघींनी, दवाखाना दोघींनी, फिरायला दोघींनी. शेजारी आम्हाला 'बैलजोडी' म्हणायचे, आणि ते आम्हाला माहीत होतं. तिच्या लग्नाचं सगळ्यांना कौतुक वाटलं. मलाही वाटलं. सगळ्यात जास्त फोटो मीच काढले.

आता एका माणसाचा भात लावता येत नाही. कितीही कमी घेतला तरी उरतोच.

२४ जानेवारी

पहिल्या कारखान्यात गेले. मालकाच्या कपाटात सगळ्या कामगार बायकांची ओळखपत्रं गठ्ठा बांधून ठेवलेली. "हरवतात हो, म्हणून माझ्याकडे," म्हणे. मी म्हटलं, हरवली तर त्यांची हरवतील, तुम्ही कपाट उघडा. समोर बसून एकेकीच्या हातात दिली. एका बाईनं स्वतःचा फोटो बघून तोंडाला हात लावला, इतकी ती बदलली होती.

घरी येताना वाटलं, जमेल हे आपल्याला. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "चिमे, शाबास," आणि मग कोणाला तरी म्हणाली, "आले, आले."

२ फेब्रुवारी

आज कालव्याकाठचा मोठा कारखाना पाहिला. आमच्या निम्म्या चादरी इथून येतात. मनात पाल चुकचुकत होती, कारण इथून कधी कोणी काम सोडून जात नाही असं ऐकलं होतं.

पण काय सांगू! ओळखपत्रं ज्याची त्याच्याकडे, पेटीत. होस्टेलच्या दाराला बाहेरून कडीसुद्धा नाही. पगार ज्याचा त्याच्या खात्यात. होस्टेल बघणाऱ्या बाईंना सगळ्या मावशी म्हणतात. जाडजूड, सावकाश बोलणाऱ्या, गुडघे दुखत असूनही प्रत्येक खोली उघडून दाखवणाऱ्या.

आणि तिथली जोडीची पद्धत. आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी एक जोडीदारीण देतात. शेजारी मशीन, शेजारी खाट. बाजारात, दवाखान्यात, फाटकापर्यंतसुद्धा दोघीदोघींनी. मुद्दाम दोन वेगळ्या प्रांतांतल्या दोघी एकत्र. एकीची भाषा दुसरीला येत नाही.

"मग बोलतात कशा?" मी विचारलं.

"बोलायचं काय असतं मॅडम एवढं?" मावशी म्हणाल्या. "पण एकीला विचारा, दुसरी कुठंय. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेल."

मी विचारलं, इतक्या लांब आलेल्या मुली, यांना एकटं नाही वाटत? मावशी म्हणाल्या, "एकटं राहायला मिळतंय कुठं त्यांना?"

जेवणघरात सगळ्या जोडीनं बसल्या होत्या. एक उठली की दुसरी, ताटात काही असो नसो, उठत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं लक्ष माझ्याकडे आता कोण देतं?

घरी येऊन ओट्यापाशी उभ्यानंच जेवले. बसायचं कशाला, एकटीसाठी.

६ फेब्रुवारी

अहवाल लिहिला. जोडीच्या पद्धतीबद्दल एक अख्खं पान. 'परमुलखातल्या एकाकी कामगारांसाठी असा आधार इतर कारखान्यांनीही द्यावा, अशी माझी शिफारस आहे.' हे वाक्य पाच वेळा खोडून लिहिलं. चांगलं झालं आहे.

२० फेब्रुवारी

साहेब खूश. पद्धतीला त्यांनी 'सखी योजना' असं नाव दिलं. नाव ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. आमच्या ऑफिसच्या जेवणघरात भित्तिपत्रक लागलं आहे, दोन मुली हातात हात घालून हसतायत. त्या मॉडेल आहेत. चार कारखाने लगेच तयार झाले. ओळखपत्रं परत द्यायला आढेवेढे घेणारा तो पहिला मालकही! एरवी या लोकांकडून एक पंखा बसवून घ्यायचा म्हणजे नाकी नऊ येतात. चांगली गोष्ट लोकांना पटतेच शेवटी.

९ मार्च

कालव्याकाठी पुन्हा गेले, या वेळी मुलाखतींना. मुलाखती दोघीदोघींच्याच घेतल्या. एकटीला बोलावलं असतं तर बिचाऱ्या बावरल्या असत्या.

मुलाखती गुप्त, म्हणून वहीत नावं लिहायची नाहीत हा नियम मीच केला आहे. तेव्हा या दोघींतली एक 'उंच' आणि दुसरी 'ठेंगणी'. उंच आपल्या इकडची भाषा मोडकीतोडकी बोलते. ठेंगणीला एक शब्द येत नाही, ती नुसती उंचकडे बघत होती.

उंचला विचारलं, काय हवं? जास्त पंखे? चांगलं जेवण?

ती म्हणाली, "थोडा वेळ एकटीला बसायचं."

मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, एकटीचं काय कौतुक? माझ्या घरी ये, हवं तेवढं बस एकटी." ती हसली नाही.

मग म्हणाली, "वडील आजारी. फार. जायचंय."

"मग जा की! कागद तुझे तुझ्याकडे. दार उघडं."

तिनं ठेंगणीकडे पाहिलं. "आणि ही?"

काय ही माया! सख्खी बहीण पुढचा-मागचा विचार न करता निघून जाते, आणि ही परकी पोर मरणाला टेकलेल्या बापाकडे जाताना जोडीदारणीच्या काळजीनं अडते. मी म्हटलं, "हिची काळजी सोड. हिच्याकडे मी बघते. मी आहे ना."

"तुम्ही बघाल? नक्की?"

"नक्की." माझ्या फोन नंबराचं कार्ड तिला दिलं. ठेंगणीच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं अंग चोरलं. लाजाळू आहे.

निघताना मावशींना आठवणीनं सांगितलं, उंचला घरी जावं लागणार आहे, तिच्या जोडीदारणीला एकटं वाटू देऊ नका.

"नाही वाटू देणार," मावशी म्हणाल्या.

११ मार्च

ताईचा फोन. मी भरभरून जोडीच्या पद्धतीबद्दल सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "आणि एखादीला एकटीनं जावंसं वाटलं तर?"

"कुठे?"

"कुठेही. नुसतंच. मी इथे दुपारी दार लावून बसते कधीकधी. हे विचारत नाहीत काय करतेस म्हणून."

मी म्हटलं, आपल्या घरीही तुला कोणी बसू नको म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही गं, म्हटलं नव्हतंस." मग हवापाण्याचं बोललो. फोन ठेवल्यावर मला राग आला, पण कशाचा ते कळलं नाही. तिच्या खोलीतला पंखा पुसून काढला.

२८ मार्च

पहिल्या कारखान्याच्या मालकाचा फोन. जिभेवर साखर. "मॅडम, तुमची योजना म्हणजे सोन्यासारखी! पळून जाणं पार बंद झालं."

"पळून जाणं म्हणजे?"

"म्हणजे आपलं, नोकरी सोडणं हो."

नोकरी सोडून जाणाऱ्याला आपण पळाला म्हणत नाही. मीही उद्या सोडली तर साहेब म्हणतील सोडून गेल्या, आणि केक कापतील. मालकाची बोलण्याची पद्धतच तशी असेल.

२ एप्रिल

तशी नसेल तर?

१६ एप्रिल



दुपारी अनोळखी नंबर. उंच होती. घरून बोलत होती. मी निघाल्यावर मावशींनी तिला फाटकाबाहेर जाऊ देणंच बंद केलं. का, ते मला विचारायची गरज नव्हती. ती जाणार, हे मीच मावशींना सांगून आले होते. परवा दवाखान्याच्या रांगेतून ती निघाली आणि मिळेल त्या गाडीनं घरी पोचली. वडील तिला ओळखून गेले. काल गेले.

मी म्हटलं, बरं झालं पोचलीस.

"ती कशी आहे?" तिनं विचारलं.

"कोण?"

ती हळू म्हणाली, "तुम्ही म्हणालात, तुम्ही बघता. म्हणून मी आले."

मी काहीच बघितलं नव्हतं. एकदाही. मी म्हटलं, उद्या जाते.

१७ एप्रिल

न कळवता गेले. चहाची सुट्टी होती, सगळ्या मशीन बंद, एक चालू. ठेंगणी. शेजारची खुर्ची रिकामी आणि त्या मशीनचा गठ्ठाही तिच्याच टेबलावर. डोळे लाल, ओठ सुकलेले. मी रिकाम्या खुर्चीवर बसले. बोलणार काय? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची चादर ओढली. सवयीनं मी झालेली चादर उलटी केली. शिवण दारू प्यायल्यासारखी चालली होती. आमच्याकडे आली असती तर मी ती नापास केली असती, आणि का वाकडी आहे असं विचारलंही नसतं.

मावशींनी काही लपवलं नाही. "नियम सगळ्यांना माहीत आहे, मॅडम. जोडीतली एक गेली तर करार संपेपर्यंत दुसरीनं तिचंही काम उरकायचं. तोवर बाजार नाही, फोन नाही. म्हणून तर कोणी जात नाही."

"हे मला सांगितलं नाहीत तुम्ही!"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, एकटं वाटत नाही का."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आणि वेगळ्या भाषेच्या?"

"एका भाषेच्या ठेवल्या तर दोघी मिळून जातील. आधी कुलूप होतं. तुमच्यासारख्याच एक मॅडम आल्या, म्हणाल्या कुलूप चालायचं नाही. काढलं."

मी ओरडले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. बाई असून बाईला असं करता, लाज नाही वाटत, असलं काहीतरी. मावशी गुडघा चोळत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मीही जोडीनंच आले होते इथं. माझी गेली. मी राहिले."

आणि ठेंगणीसाठी चहाचा पेला घेऊन गेल्या.

१८ एप्रिल

साहेबांना सांगितलं. त्यांनी माझाच अहवाल काढून समोर ठेवला. "परमुलखातल्या एकाकी कामगारांसाठी," मोठ्यानं वाचलं. पाच वेळा खोडून लिहिलेलं वाक्य.

"मी चुकले," मी म्हटलं. "ती पद्धत कुलपापेक्षा वाईट आहे. कुलूप दिसतं तरी. आज त्या मुलीला सोडवा आणि सगळ्याच कारखान्यांत हे बंद करा."

"रुग्णालयांना आपण कळवून बसलोय. सहामाही जाऊ दे, मग हळूच बदलू."

"तोवर ती मुलगी मशीनवरच मरेल."

"अहो, एक मुलगी!"

मी म्हटलं, यंदाच्या पत्रावर मी सही करणार नाही. ते म्हणाले, दुसरं कोणी करेल. मग मी म्हटलं, रुग्णालयांच्या खरेदी अधिकाऱ्यांना मीच कळवते, अहवाल माझा होता आणि खोटा ठरला.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"धोंडा माझाच आहे," मी म्हटलं. हे तेव्हा मला फार बाणेदार वाटलं. जिन्यात मात्र शिल्लक किती महिने पुरेल ते मोजत उतरले.

१९ एप्रिल

पत्र पाठवलं.

२६ एप्रिल

जेवणघरात माझ्या टेबलाशी कोणी बसत नाही. क्वालिटीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणी मान खाली घालून वाटी चाटूनपुसून साफ करतात. ऑर्डर गेली तर नोकऱ्या जातील, हे त्यांना वाटतंय आणि मलाही वाटतंय. त्या कालव्याकाठच्या मुलींच्याही जातील. मी रोज ऑफिस सुटल्यावर कारखान्यात जाऊन ठेंगणीच्या शेजारच्या मशीनवर बसते. मला सरळ शिवण घालता येते. मावशी बघतात आणि काही म्हणत नाहीत. चार-पाच चादरींनी काय होणार आहे? पण दुसरं काय करू, कळत नाही. ठेंगणी माझी शिवण उलटी करून बघते. आज एक परत केली.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती म्हणेल, ये इकडे. आणि मी जाईन.

१४ मे

रुग्णालयांच्या खरेदी अधिकारी आल्या. वाळक्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी ऑर्डर तोडली नाही. "तोडली तर आमचे हात स्वच्छ राहतील आणि या मुली रस्त्यावर येतील," म्हणाल्या. अटी मात्र घातल्या: जोडीचा नियम महिन्याच्या आत बंद, जिला जायचं तिला विनाअट जाऊ द्यायचं, आणि मुलाखती एकेकटीच्या, त्यांची भाषा येणारं माणूस कारखान्यानं नव्हे तर आपण नेऊन. साहेबांनी सगळ्याला मान डोलावली. मला म्हणाले, हे वर्ष संपलं की तुम्ही तुमच्या शिवणींकडे परत जा. बरं म्हटलं.

२९ मे

दुभाषी बाईंना घेऊन गेले. ठेंगणी प्रथमच माझ्याशी बोलली. आवाज तिच्या मानानं भारदस्त आहे, मला वेगळाच वाटला होता.

उंचवर राग आहे का, मी विचारलं.

ती म्हणाली, "तिला जा म्हणून मीच सांगितलं. हातानं. दवाखान्यात मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले."

"काय भोगावं लागेल ते माहीत होतं तरी?"

तिनं उलट विचारलं, "तिचा बाप? ती पोचली का?"

पोचली, मी सांगितलं. त्यांनी तिला ओळखलं. दुभाषी बाईंनी ते सांगितलं तेव्हा ठेंगणी रडली, चांगली हमसून. तिला हे इतके दिवस कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज तिच्या शेजारी बसत होते, आणि मला सुचलं नव्हतं की तिला एवढंच हवं आहे. मला माझीच शरम वाटली.

घरी जायचंय, म्हणाली. गाडी बुधवारी संध्याकाळी.

४ जून

आज बुधवार. मी रजा घेतली. ताईच्या खाटेवर धुतलेली चादर घातली, दोघींचा भात लावला. वाटलं, गाडीपर्यंत सबंध दिवस आहे, घरी आणू, न्हाऊ-खाऊ घालू, पडू दे जरा. भाषेचं काय, शिवणीवरून भांडण्याइतकी ओळख आहे आमची. दोन ताटं मांडताना मी गुणगुणत होते.

फाटकाशी मावशी उभ्या होत्या. ठेंगणी पेटी घेऊन बाहेर आली. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

मी पेटी धरायला पुढे झाले. ठेंगणीनं ती दुसऱ्या हातात घेतली. मी खुणेनं सांगितलं, माझ्या घरी, जेवण, झोप. तिला कळलं. तिनं माझे दोन्ही हात धरले, घट्ट, आणि मग सोडले. माझ्याकडे बोट दाखवून जमिनीकडे दाखवलं. तुम्ही इथे. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून रस्त्याकडे.

मला फार वाईट वाटलं. इतकं की तिथेच तोंड वेडंवाकडं झालं. तिच्या मागून जावंसं वाटलं, लांबून का होईना, गाडीत बसेपर्यंत. तिला कळलंही नसतं. पण मी उभी राहिले.

ती भराभर निघाली. कोपऱ्यावर पोचल्यावर थांबून मागे पाहिलं, मी येत नाहीये ना म्हणून. नव्हते येत. तशी ती पुढे वळली आणि हळू चालायला लागली.